९७, ११८, १०९ : शुगर नेमकी किती?

वाळूजच्या एका कारखान्यात काम करणारे बेचाळीस वर्षांचे एक भाऊ गेल्या पावसाळ्यात आमच्या काउंटरवर आले, ते वहीच्या पानाची घडी हातात घेऊनच. कारखान्यातल्या तपासणी शिबिरात त्यांची उपाशीपोटी शुगर ९७ निघाली होती. मेव्हण्याच्या ग्लुकोमीटरवर एका सकाळी ११८, दुसऱ्या एका सकाळी १०३. एका लॅबमध्ये १०९. जेवणानंतरची एकदा १३१ आणि एकदा १६८. एचबीएवनसी, म्हणजे लोक जिला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात ती, ५.९. मधुमेह आहे असं डॉक्टरांनी म्हटलेलं नव्हतं, आणि नाही असंही म्हटलेलं नव्हतं. भाऊंनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, “ताई, यातली खरी कोणती?”

मी डीएमएलटी केलेली लॅब टेक्निशियन आहे. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका छोट्या लॅबमध्ये सकाळी साडेसहाला शटर वर गेलं की रक्त घेणं, नळ्यांवर नावं घालणं, सेंट्रिफ्यूज लावणं, मशीनवर नमुने चालवणं हे माझं काम. निदान करणं आणि औषध देणं हे डॉक्टरांचं. त्यात मी पडत नाही. पण रिपोर्टवर छापलेला आकडा कुठल्या कुठल्या वाटेनं तिथपर्यंत येतो, ते मी रोज बघते. म्हणून त्या भाऊंना मी सांगितलं तेच इथेही सांगते : सगळे आकडे खरे असू शकतात. कागदावर आकडे तेवढे होते, प्रत्येकाची हकीकत कुठेच नव्हती. रक्त किती वाजता दिलं, आधी किती तास पोट रिकामं होतं, रात्री झोप झाली होती का, रक्त शिरेतलं होतं की बोटातलं, यातलं काही लिहिलेलं नव्हतं. शुगरचा आकडा त्याच्या हकिकतीशिवाय वाचताच येत नाही. आमच्याकडे रोज चिंतेनं येणाऱ्या निम्म्या लोकांचं कोडं याच एका गोष्टीत अडकलेलं असतं.

आधी शुगर हलतेच का, ते बघू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतो चार-साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. कपभर गोड चहात त्याच्या दुप्पट साखर सहज असते. एवढ्याशा साठ्यात दिवसभर भर पडत असते आणि उपसाही चालू असतो. आपण झोपलेलो असतो तेव्हा यकृत तासाला सहा-सात ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडत असतं आणि मेंदू, स्नायू, रक्तपेशी तो तेवढ्याच वेगानं उचलत असतात. जेवण झालं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, यकृताचा पुरवठा थांबतो, स्नायू ग्लुकोज आत ओढून घेतात. हे सगळं सुरळीत चालू असतानाही आकडा एका जागी उभा राहत नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात मधुमेह नसलेल्या निरोगी माणसांच्या अंगावर सेन्सर लावून दिवसरात्र शुगर मोजली. सरासरी ९८-९९ आली आणि २४ तासांतला ९६ टक्के वेळ शुगर ७० ते १४० च्या आत राहिली. उरलेल्या वेळात निरोगी माणसंही रोज अर्धा तासभर १४० च्या वर गेली आणि पाव तास ७० च्या खाली उतरली. जेवणानंतर पाऊण तासानं बोट टोचून १५२ बघणारा माणूस बऱ्याचदा हाच अर्धा तास बघत असतो.

आता मोजमाप. ग्लुकोमीटर हे मधुमेह असलेल्या माणसाला रोजच्या रोज आपली शुगर कळावी म्हणून केलेलं यंत्र आहे. मधुमेह आहे की नाही हे ठरवायला ते केलेलंच नाही. त्याच्यासाठी २०१३ पासून जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते सांगतं की १०० आणि त्यापुढच्या शुगरला शंभरातली ९५ मोजमापं खऱ्या आकड्याच्या १५ टक्के खालीवर आली तरी यंत्र पास. याचा अर्थ असा की एखाद्याची खरी शुगर ११० असेल, तर चांगलं, उत्तम, खात्रीचं यंत्रही ९४ दाखवू शकतं किंवा १२६ दाखवू शकतं. ९४ म्हणजे निर्धास्त, १२६ म्हणजे मधुमेहाची रेघ. यंत्र बिघडलेलं नाही आणि माणसाला एका रात्रीत काही झालेलंही नाही.

त्यात बोटांचा प्रश्न. दौलताबादच्या रस्त्याला सीताफळं विकायला बसतात त्या दिवसांत हा प्रकार मी दरवर्षी बघते. घरी येऊन कुणी सीताफळ खातं, हात धोतराला नाहीतर ओढणीला पुसतं आणि लगेच बोट टोचून घेतं. यंत्र २१० दाखवतं आणि घर हादरतं. पट्टीला रक्त लागतं ते अगदी इवलंसं. बोटावर गराचा चिकटा राहिला असेल तर त्या थेंबात फळाचीच साखर मिसळते. जपानमधल्या संशोधकांनी फळं सोलायला लावून हे मुद्दाम तपासलं होतं. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसूनही आकडा चढाच राहिला, नळाखाली हात धुतल्यावर मात्र खरा आला. म्हणून हात साबणानं धुवा, कोरडे करा आणि मग टोचा. बोट पिळू नका. पिळलं की रक्तात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा पडतो. आणि पट्ट्यांची डबी फ्रिजवर, खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. बहुतेक डब्यांवर ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० ओलांडतो आणि पत्र्याच्या घरात त्याहून जास्त होतं.

लॅबही चुकू शकते, हे लॅबमध्ये बसूनच सांगायला हवं. शुगरसाठी आम्ही करड्या झाकणाची नळी वापरतो. तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं, कारण रक्त शरीराबाहेर आलं तरी लाल पेशी जिवंत असतात आणि नळीतला ग्लुकोज खात राहतात. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली शुगर तासाला पाच ते सात टक्के उतरते, आणि उकाड्यात त्याहून वेगानं. फ्लोराइडही लगेच काम करत नाही. त्याची पकड बसायला तास-दोन तास जातात. म्हणून नळी भरली की ती आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी करायची, खुळखुळा वाजवल्यासारखी हलवायची नाही, आणि लवकरात लवकर सेंट्रिफ्यूजला लावायची. फुलंब्री, खुलताबादकडून मोटारसायकलवर येणारी नळी भर उन्हात दोन तास राहिली, तर ११२ ची शुगर शंभरच्या आत दिसू शकते. बोटाच्या थेंबातली चूक माणसाला घाबरवते, तर उन्हातल्या नळीतली चूक खोटा दिलासा देते. मला दुसरीची धास्ती जास्त वाटते, कारण आकडा चांगला आला की कुणी पुन्हा तपासायला येत नाही. लॅबमध्ये गेलात तर खुशाल विचारा, रक्त इथेच तपासणार की बाहेर पाठवणार, आणि बाहेर जाणार असेल तर किती वेळानं. चांगल्या लॅबला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता पुन्हा वाळूजच्या भाऊंच्या कागदाकडे. मी एकेका आकड्याची हकीकत विचारत गेले आणि पानाच्या कडेला लिहीत गेले. ९७ आली तो आठवडा पहिल्या पाळीचा होता. रात्री नऊला जेवून, झोपून, सकाळी रक्त दिलेलं. १०९ आली ती तिसऱ्या पाळीवरून सुटून तसेच लॅबमध्ये गेले तेव्हा. रात्रभर जागरण, आणि कॅन्टीनमध्ये दोन वाजता भाजी-पोळी-भात. सकाळी सात वाजता ते स्वतःला उपाशी समजत होते, पण पोट रिकामं होऊन पाचच तास झाले होते. किमान आठ तास लागतात. ११८ सुद्धा तिसऱ्या पाळीतलीच. जेवणानंतरची १६८ ही जेवणानंतर तासाभरानं घेतलेली, आणि १३१ ही दोन तासांनी. ‘दोन तास’ पहिल्या घासापासून मोजायचे असतात, हात धुतल्यापासून मोजायचे नसतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

जागरण ही किरकोळ बाब नाही. १९९९ साली शिकागो विद्यापीठात अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तेव्हा त्यांच्या शरीराचा ग्लुकोज निवारण्याचा वेग भरपूर झोपेच्या दिवसांच्या मानानं ४० टक्क्यांनी मंदावला. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या पाळ्यांवर या शहरातली हजारो घरं चालतात, आणि शिबिरं नेमकी पाळी सुटायच्या वेळेला भरतात. मला हे मनापासून खटकतं. तिसऱ्या पाळीच्या माणसाचं रक्त घेताना निदान कागदावर ‘रात्रपाळी’ एवढा शब्द तरी लिहावा.

सकाळची शुगर चढी येण्याचं आणखी एक साधं कारण आहे. पहाटे तीन-चारनंतर शरीर जागं व्हायची तयारी करतं. कॉर्टिसोल आणि वाढीचं संप्रेरक वाढतं आणि यकृत थोडा जास्त ग्लुकोज सोडतं. म्हणून रात्री झोपताना ९५ असलेली शुगर काही न खाता सकाळी १०४ होऊ शकते. उलट, दुपारी तितकेच तास उपाशी राहून रक्त दिलं तर आकडा सकाळपेक्षा थोडा कमी भरतो. एकादशीला दिवसभर थांबून किंवा रमजानमध्ये इफ्तारच्या आधी येऊन “आत्ता फास्टिंग घ्या” म्हणणारे येतात. त्यांना मी सकाळी यायला सांगते, कारण आपण ज्या रेघा वापरतो त्या रात्रीच्या झोपेनंतरच्या सकाळच्या आहेत. ताप, डेंग्यू, दाढेचा गळू, ऑपरेशन, मोठं दुःख, या सगळ्यांत शुगर चढते आणि माणूस सावरला की बऱ्याचदा उतरते. स्टेरॉइडनं तर हमखास चढते. गुडघ्यात घेतलेल्या एका इंजेक्शनचा परिणामही काही दिवस दिसतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सकाळची शुगर बरी दिसते आणि दुपारनंतर चढते, त्यामुळे नुसत्या उपाशीपोटीच्या तपासणीत ती सापडतच नाही. २०२१ च्या कोविडच्या लाटेत स्टेरॉइड, चढलेली शुगर आणि म्युकरमायकोसिस यांची साखळी मराठवाड्यानं फार जवळून पाहिली, आणि घरोघरी ग्लुकोमीटर आले ते तेव्हापासूनच. सांधेदुखीवर कुणाकडून तरी आणलेल्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. शुगर का चढली याचं उत्तर मिळत नसेल तर घरातली ती पुडी डॉक्टरांना नेऊन दाखवा.

रेघांबद्दलही एक घोळ आहे. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त, म्हणजे मधुमेह. तोही एका आकड्यावर ठरवत नाहीत. खूप तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं अशी लक्षणं आणि सोबत २०० च्या वर शुगर असेल तर गोष्ट वेगळी, एरवी दोन तपासण्या जुळाव्या लागतात. एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे. मतभेद आहे तो या रेघांच्या अलीकडच्या पट्ट्याबद्दल, ज्याला आपण ‘बॉर्डरलाइन’ म्हणतो. अमेरिकेची मधुमेह संघटना उपाशीपोटीच्या १०० पासून बॉर्डरलाइन धरते आणि जागतिक आरोग्य संघटना ११० पासून. म्हणजे १०४ चा तोच माणूस एका पुस्तकात बॉर्डरलाइन आणि दुसऱ्या पुस्तकात निरोगी. दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या की लोक म्हणतात, एकाला कळत नाही. दोघांनाही कळतं, फक्त त्यांनी वेगवेगळी रेघ धरलेली असते.

एचबीएवनसीवर लोकांचा फार भरवसा आहे, आणि बऱ्याच अंशी तो योग्यच आहे. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि त्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते ही तपासणी सांगते. काल काय खाल्लं, रात्री झोप झाली का, यानं ती हलत नाही. पण ती लाल पेशींवर उभी आहे, आणि इथेच आपल्या बायकांचं प्रकरण अवघड होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर महिलांपैकी ५४ जणी रक्तक्षयाच्या निघाल्या. लोह कमी असलं की नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्याच जास्त दिवस फिरत राहतात, त्यांना साखर जास्त चिकटते आणि एचबीएवनसी खोटीच चढी दिसते. पातळ रक्तामुळे ग्लुकोमीटरही थोडा जास्त दाखवतो.

चिकलठाण्याच्या एका ताई ६.२ चा रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. भात सोडला होता, पोळी अर्धी केली होती, चेहरा ओढलेला. शिरेतल्या रक्ताची शुगर उपाशीपोटी ९१, दोन तासांनी ११८. त्यांच्या हाताला रबरी पट्टा बांधताना मी नखं बघितली, पांढरीफटक आणि मधे खोलगट. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन करायला सांगितलं, ते ८.४ निघालं. त्यांना गरज होती लोहाच्या गोळ्यांची आणि पोटभर जेवणाची, आणि त्या मात्र स्वतःला उपाशी मारत होत्या. काही महिन्यांनी रक्त सुधारलं तेव्हा एचबीएवनसी ५.५ वर आली. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे की बाईमाणसानं एचबीएवनसी करताना त्याच नळीत हिमोग्लोबिनही करून घ्यावं. उलटही होतं. अंगावरून फार रक्त जाऊन नुकतंच भरून आलेलं असेल, रक्त चढवलेलं असेल, विदर्भात किंवा नंदुरबारकडे आढळतो तसा सिकलसेलचा आजार असेल, तर एचबीएवनसी खोटीच कमी येऊ शकते.

मग भरवसा कशावर ठेवायचा? सगळे आकडे एकमेकांशी भांडत असतील तर डॉक्टर बहुतेक वेळा ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट सांगतात. ती नीट केली तरच उपयोग. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं, भाकरी, पोळी, भात सगळं. लोक नेमकं उलट करतात. ‘रिपोर्ट चांगला यावा’ म्हणून तीन दिवस भात-साखर बंद करतात, आणि शरीराची सवय मोडल्यामुळे अचानक आलेला ग्लुकोज त्याला आवरत नाही, आकडा उलट चढतो. रात्री नीट झोप, सकाळी आठ ते चौदा तासांचं रिकामं पोट, पहिलं रक्त. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाव लिटरभर पाण्यात, पाच मिनिटांत प्यायचा. मळमळ होते म्हणून त्यात लिंबू पिळलं तर चालतं. मग दोन तास बसून राहायचं. चहा नाही, बिडी-सिगारेट नाही, खाली बाजारात चक्कर नाही. आमच्याकडून लोक मधेच भाजी आणायला निघतात, आणि चालण्यानं स्नायू ग्लुकोज ओढतात, आकडा फसवा येतो. एवढं सगळं पाळूनही त्याच माणसाची दोन तासांची शुगर एका दिवशी आणि दुसऱ्या दिवशी १६-१७ टक्क्यांनी वेगळी येऊ शकते. उपाशीपोटीचा फरक पाच-सहा टक्क्यांच्या आसपास असतो.

वाळूजच्या भाऊंची ही तपासणी पहिल्या पाळीच्या आठवड्यात झाली. उपाशीपोटी ९९, दोन तासांनी १५६. १४० ते १९९ हा पट्टा बॉर्डरलाइनचा, याबद्दल वाद नाही. म्हणजे सकाळच्या आकड्यांची पाळीनं आणि यंत्रानं केलेली गंमत बाजूला सारल्यावरही खाली एक खरी गोष्ट शिल्लक होती : त्यांचं शरीर जेवणानंतरचा ग्लुकोज पूर्वीसारखा झटपट आवरत नव्हतं. मधुमेह नव्हता, पण सगळं ठीकही नव्हतं. भाऊ अंगानं शिडशिडीत. “मी कुठं जाड आहे?” हा त्यांचा पुढचा प्रश्न होता.

याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधलं गेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. बाहेरून बारीक दिसणारा आपला माणूस आतून, विशेषतः पोटाशी, चरबी बाळगून असतो आणि त्याच्याकडे स्नायू कमी असतात. स्नायू हेच तर ग्लुकोजचं मोठं गोदाम. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या गटानं गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला, त्यात ही ठेवण जन्मतःच दिसली : वजन कमी, हातपाय काटकुळे, पण चरबी टिकलेली. त्यामुळे वजनकाट्यावर विसंबून शुगरची काळजी सोडणं आपल्याला परवडणारं नाही. ज्या बाईला गरोदरपणात शुगर होती, तिनं तर बाळंतपणानंतर दीड महिन्यानं आणि पुढेही ठरावीक काळानं तपासून घ्यायलाच हवं. बाळाच्या गडबडीत ते हमखास राहून जातं.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिला टप्पा सांगतो की महाराष्ट्रात वीस वर्षांवरच्या शंभरातल्या आठ जणांना मधुमेह होता आणि जवळपास तेरा जण बॉर्डरलाइनवर होते. २०२३ च्या अहवालात देशभरात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख बॉर्डरलाइनवरचे. भाऊ एकटे नव्हते. आणि या पट्ट्यात काही करण्यासारखं असतं, हे आपल्याच देशात सिद्ध झालं आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी दोन तासांची शुगर बॉर्डरलाइन असलेल्या ५३१ जणांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं. २००६ साली निष्कर्ष आले. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला, त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांच्या चालण्याकडे आणि खाण्याकडे नेटानं लक्ष दिलं, त्यांच्यात तोच आकडा ३९ टक्के. कमी खाऊन सुकण्याची गरज नव्हती, रोज अर्धा तास भरभर चालणं आणि साखर, मैदा, तेल आवरणं एवढंच होतं. आपल्याकडे विद्यापीठाचा परिसर आहे, गोगाबाबा टेकडी आहे, सिद्धार्थ उद्यान आहे. वाळूजमध्ये राहणाऱ्याला हे सगळं लांब पडतं हे मला माहीत आहे. जेवून उठल्यावर कॉलनीतल्या कॉलनीत पंधरा मिनिटं चाललं तरी दोन तासांचा आकडा उतरतो, कारण चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता ग्लुकोज उचलतो.

दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण उरकायचं, ही डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी प्रचारलेली पद्धत मराठवाड्यात घराघरांत पोचली आहे, आणि तिच्यामुळे ‘फास्टिंग इन्सुलिन’ हा शब्दही. लोकांना एचबीएवनसी म्हणजे काय ते त्या निमित्तानं कळलं, हे मला मोलाचं वाटतं. पण फास्टिंग इन्सुलिनबद्दल एक गोष्ट लॅबच्या बाजूनं सांगते. ही तपासणी प्रत्येक यंत्रावर वेगळी येते, सगळ्या लॅबसाठी एकच ठरलेली रेघ नाही, आणि मधुमेहाचं निदान तिच्यावर करत नाहीत. एका लॅबचं १२ आणि दुसरीचं ९ यांची तुलना करून खूश किंवा कष्टी होऊ नका. दंडावर चिकटवायचं चौदा दिवसांचं सेन्सर आता मधुमेह नसलेलेही लावू लागले आहेत. ते रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतं, पाच-दहा मिनिटं मागे चालतं, आणि त्या कुशीवर झोपलात तर रात्री उगाच ५८ दाखवून उठवतं.

कमी आकड्यांबद्दलही लोक घाबरतात. सकाळी ६८ दिसली आणि काही त्रास नसेल, तर निरोगी माणसात ते चालतं. पण घाम, थरथर, गोंधळ होऊन शुगर ५५ च्या खाली सापडली आणि गोड खाल्ल्यावर बरं वाटलं, तर ते डॉक्टरांना दाखवायलाच हवं. त्याआधी घरातल्या गोळ्यांचा डबा तपासा. आजोबांची शुगरची गोळी आजीनं बीपीची समजून घेतली, असं आमच्या ओळखीच्या घरात घडलं आहे. आणि मूल किंवा तरुण पोर फार पाणी पितंय, रात्री सारखं लघवीला उठतंय, झपाट्यानं वाळतंय, उलट्या करतंय, तर कुठलीही सरासरी काढत बसू नका. त्याच दिवशी घाटीचं सरकारी रुग्णालय किंवा जवळचं रुग्णालय गाठा.

बाकीच्यांना, म्हणजे मधुमेह नाही पण आकडे हलतात अशांना, मी रोज बोट टोचून घ्यायला सांगत नाही. आमच्या सासूबाई इन्सुलिन घेतात, त्यांना ते टोचणं लागतं. ज्याला त्या आकड्यावरून त्या दिवशी काहीच बदलायचं नाही, त्याच्या हाती रोज फक्त धास्ती लागते आणि पट्ट्यांचे पैसे जातात. बॉर्डरलाइन असेल तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे वर्षातून एकदा, शिरेतलं रक्त, शक्यतो त्याच लॅबमध्ये, ताप-सर्दी नसताना, नीट झोपून. आणि काउंटरवर आम्ही नाव-वय लिहीत असतो तेव्हाच सांगून टाका : रात्रपाळी चालू आहे, कालपासून स्टेरॉइड सुरू आहे, मासिक पाळीत रक्त जास्त जातं, काल रात्री अकराला जेवलो. आम्ही विचारलं नाही तरी सांगा. भाऊ या वर्षी आले तेव्हा त्यांनी हे सगळं माझ्याआधी स्वतःच लिहून आणलं होतं. दोन तासांची शुगर १३८ आली. मी त्यांना पुढच्या वर्षीही याच महिन्यात यायला सांगितलं आहे.